आठ जीबीचं कार्ड आणि अक्कांचा मसाला

माल तपासल्याशिवाय मी आयुष्यात कधी सही केली नाही. पाइपांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. ट्रक दारात उभा आहे, ड्रायव्हर घामाने निथळतो आहे, मॅनेजर खिडकीतून ओरडतो आहे, तरी मी आधी मोजायचो, मग दाबून बघायचो, मग वास घ्यायचो आणि मगच पेनचं टोपण काढायचो. (पाइपाला कसला आलाय वास, असं एका नव्या साहेबांनी विचारलं होतं. साहेब बदलून गेले, वास अजून आहे.) हे एवढ्यासाठी सांगतो, की ग्राफिक्स कार्ड नावाच्या वस्तूने माझी जी शोभा केली ती मी गाफील होतो म्हणून केली, असं आमच्या कॉलनीत बोललं जातं आणि ते साफ खोटं आहे.

सुरुवात मसाल्यापासून झाली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी येतात आणि जाताना प्रत्येकीला वर्षाच्या काळ्या मसाल्याची बरणी द्यायची रीत आहे. हा मसाला आमच्या मातोश्रींचा. त्यांचं नाव कमलबाई, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते, मीही. दोन वर्षांपूर्वी अक्कांचे हात थरथरायला लागले, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं आणि कढई माझ्या बायकोकडे, सारिकाकडे आली. मागच्या आखाजीला सारिकाने दोन दिवस खपून मसाला केला. माझी थोरली बहीण कोकिळाताई शिरपूरहून आली, तिने बरणीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि भरल्या पंगतीत म्हणाली, “चांगला शे वहिनी. पण अक्काना नही.”

एवढंच. ‘अक्कांचा नाही’ म्हणताना ताईच्या मनात काही नव्हतं. पण सारिका त्या दिवशी जेवली नाही. तिने ती कढई माळ्यावर टाकली आणि वर्षभर खाली काढली नाही. यंदा आखाजी बावीस दिवसांवर आली तेव्हा तिने मला शांतपणे सांगितलं, “अक्कांचा मसाला मला बरोब्बर सापडला तर करीन. नाही तर तिन्ही ताईंना लताबाईंच्या मसाल्याची पाकिटं आणून देईन.”

लताबाई आमच्या शेजारी राहतात आणि मसाला विकतात. माझ्या बहिणी माझ्या घरातून लताबाईंची पाकिटं घेऊन जाणार, ही कल्पना मला झोपाळ्यावर बसल्या बसल्या घाम फोडायला पुरेशी होती.

आता कोणी म्हणेल, अक्का घरात आहेत, त्यांनाच विचारा. विचारलं नसेल का? सारिकाने वर्षभर विचारलं, आणि फोनवर टेपही केलं. अकरा तासांचं टेपिंग आहे. “अक्का, धने किती?” असं विचारलं की अक्का म्हणायच्या, “हातले समजस.” मग धन्यावरून धुळ्याच्या बाजारावर जायच्या, बाजारावरून मामांच्या बैलांवर आणि बैलांवरून कोकिळाताईच्या लग्नात कोण रुसलं त्याच्यावर. अकरा तासांत मसाला असेल वीस मिनिटं, आणि तोही अंदाजे, मूठभर, जीव मानेल तेवढा. पण चूक मात्र अक्कांना खपत नाही, ही त्यांची दुसरी तऱ्हा. टीव्हीवरच्या महाराजांनी एकादशी चुकीची सांगितली तर त्या टीव्हीला दुरुस्त करतात. भाजीवाल्याला त्याच्याच मेथीची जात सांगतात. नुसतं विचारलं तर मात्र त्यांना काहीच आठवत नाही.

आमची मुलगी साक्षी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती फोनवर म्हणाली, “पप्पा, ते सगळं टाइप करा आणि एआयला द्या. तो त्यातून रेसिपी वेगळी काढून देईल.”

सारिकाने तिथल्या तिथे नकार दिला. कारण लताबाईंचा जावई आमच्या भागात इंटरनेटच्या तारा टाकतो. सारिकाच्या मते आमच्या घरातून जे बाहेर जाईल ते त्या तारेतून जाणार, तार जावयाच्या हातातून जाणार आणि जावई सासूच्या मुठीतून जाणार. साक्षीने अर्धा तास समजावलं, पण जावई खांबावर चढलेला सारिकाने डोळ्यांनी पाहिला होता.

“मग घरातच चालेल असं मॉडेल घ्या,” साक्षी शेवटी म्हणाली. “लोकल. इंटरनेट लागतच नाही. फक्त आपल्या जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ते पेलतं का, तेवढं तपासा.”

तपासा! बत्तीस वर्षांत मला इतक्या गोड शब्दांत कोणी काम सांगितलं नव्हतं. मी कोरी वही काढली, वर ‘तपासणी’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि आमचे शेजारी तोतारामनाना यांना हाक मारली. ही पहिली चूक.

तोतारामनाना भुसावळच्या लोको शेडमधून रिटायर झालेत. ज्याला नट आहे ते सगळं त्यांना समजतं. ते स्वतःचा पाना घेऊन आले. आम्ही कॉम्प्युटरची पेटी उघडली. आत दोन वर्षांची धूळ होती आणि एक पाल होती. पाल गेली. साक्षी फोनवरून सांगत होती, की मॉडेल आठ बिलियनचं आहे, ते चार बिटांत दाबलं की पाच-साडेपाच जीबी होतं, वर बोलणं मावायला थोडी जागा हवी, तेव्हा कार्डाची स्वतःची मेमरी आठ जीबी तरी पाहिजे. मला हे लगेच कळलं. गोडाऊन आठ पोत्यांचं, माल साडेपाच पोती, मधे हमालाला चालायला वाट. नानांना कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “चढावर किती ओढतं?”

आमचं कार्ड निघालं दोन जीबीचं. नानांनी ते तळहातावर तोललं आणि निकाल दिला, “अमृतभाऊ, ह्याच्याने मसाला काय, चहासुद्धा व्हायचा नाही.” हे वाक्य त्यांनी संध्याकाळपर्यंत चार घरी जाऊन सांगितलं.

नवीन कार्डाची किंमत ऐकून मी ती वहीत लिहिलीसुद्धा नाही. मग कळलं, की धुळ्याला लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारा एक स्वप्नील आहे, तो आपलं जुनं आठ जीबीचं कार्ड विकतो आहे. मी जळगावहून सकाळच्या एसटीने धुळं गाठलं. पारोळ्यापर्यंत उभा होतो, पुढे बसायला मिळालं.

स्वप्नील माणूस सरळ होता. कार्ड चालू होतं, पडद्यावर नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. तो म्हणाला, “काका, चारशे लग्नं लावली ह्या कार्डाने, एकदा अडकलं नाही.” पण मी तेवढ्यावर सही करणारा माणूस नव्हे. साक्षीने बजावलं होतं, की बाजारात खोटी कार्डं असतात, वर आठ दाखवतात आणि आत चारच असतात. मी म्हटलं, “भरून दाखवा.”

“काय भरून?”

“गोडाऊन. कोपऱ्यापर्यंत.”

त्याने एकदम अकरा लग्नं चालू केली. छोट्या छोट्या चौकटींत अकरा नवऱ्या, अकरा अंतरपाट. मेमरीचा आकडा वर चढायला लागला. चार झाले, पाच झाले, सहा झाले. अकराही नवऱ्या पाठवणीला रडायला लागल्या तेव्हा आकडा सात पूर्णांक सहावर गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वप्नीलला वाटलं पाठवणीमुळे आलं.

नेमकं त्याच वेळी सातव्या चौकटीत एक गृहस्थ दिसले. बट्टी वाढणाऱ्याचा हात धरून ते आणखी दोन बट्ट्या आणि वर तुपाची धार मागत होते. ते गृहस्थ मी होतो. धुळ्याच्या त्या लग्नाला जाऊन मी न जेवता परतलो, डॉक्टरांनी तूप बंद केलंय ना, असं मी सारिकाला सांगितलेलं होतं. मी स्वप्नीलला म्हटलं, कार्ड पसंत आहे, बंद करा. तो म्हणाला, व्हिडिओची एक कॉपी देऊ का भेट? मी नको म्हटलं.

कार्ड मी जळगावपर्यंत मांडीवर आणलं. रावेरच्या केळीच्या खोक्यात, सभोवार धोतराच्या चिंध्या भरून. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, “केळी कशी दिली?” मी म्हटलं, केळी नाहीत, ह्यात भाषा चालते. त्या उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. आखाजीला सतरा दिवस राहिले होते.

घरी आल्यावर कळलं, की कार्ड पेटीपेक्षा दोन बोटं लांब आहे. मी सगळं तपासलं होतं, लांबी सोडून. हे मी इथे प्रथमच कबूल करतो आहे. नानांनी हॅक्सॉ ब्लेड आणलं आणि पेटीतला आडवा पत्रा दीड तास कापला. ते कापत असताना कॉलनीतल्या माणसांनी दारात खुर्च्या टाकल्या. कोणी म्हणालं कार्ड तिरकं बसवा, कोणी म्हणालं कार्डाचंच टोक घासा. पत्रा निघाला, कार्ड बसलं. मग कार्डाला पुरेल एवढी वीज देणारा नवा पॉवर सप्लाय आणला, तोही बसला. मी सगळ्यांच्या देखत बटण दाबलं आणि घरातले सगळे दिवे गेले.

एमसीबी पडली होती. ती वर केली, बटण दाबलं, पुन्हा पडली. दारातल्या खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. ते कोण होतं ते मला माहीत आहे, पण नाव घेत नाही. नाना म्हणाले, “लोड. तुमचा मंजूर लोड कमी पडतो. अर्ज करा.”

वीज कार्यालयात अर्ज दिला. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, वाढीव भार कोणत्या उपकरणासाठी? छापील यादीत एसी, पिठाची गिरणी, वेल्डिंग, पाण्याची मोटर असं सगळं होतं. मी म्हटलं, भाषेच्या मॉडेलसाठी. त्यांनी पेन थांबवलं.

“भाषा म्हणजे? घरी शिकवणी घेता?”

“नाही. कॉम्प्युटर स्वतः बोलतो.”

“विद्यार्थी किती?”

“एकच. म्हणजे माझी बायको. म्हणजे विद्यार्थी नाही.”

“मग व्यावसायिक मीटर लागेल,” बाई म्हणाल्या आणि मला तिसऱ्या खिडकीकडे पाठवलं. तिसरी खिडकी जेवायला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खिडकीने विचारलं, की शिकवणी नाही तर मग मशीन काय उत्पादन करतं? मी प्रामाणिकपणे म्हटलं, मसाला. बस्स. माझ्या अर्जावर लाल शेरा पडला: ‘घरगुती जोडणीवर मसाला कांडप. जागेची पाहणी करावी.’ बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शेरे मारले, आणि साठीला टेकल्यावर माझ्या कागदावर शेरा पडला. मी आठ दिवस पोस्ट ऑफिसच्या बाजूने फिरायला गेलो नाही, कारण वाटेत ते कार्यालय लागतं.

हे आठ दिवस मी वाया घालवले नाहीत. अक्कांचे अकरा तास माझ्या फोनवर दोन बोटांनी टाइप केले. शेहेचाळीस पानं झाली. त्यात मामांचे बैल चार पानं आहेत.

आखाजीला सहा दिवस उरले तेव्हा नथ्थू वायरमन पाहणीला आला. लताबाई आपल्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. कांडपाची बातमी त्यांनीही कार्यालयात पोचवली होती, असं मला मागाहून कळलं. नथ्थूने स्वयंपाकघरात वास घेतला, माळ्यावर टॉर्च मारली, अक्कांच्या खाटेखाली वाकून पाहिलं. मग माझ्या खोलीत येऊन त्याने उघड्या पेटीतल्या कार्डाच्या दोन पंख्यांकडे बोट केलं.

“भाऊ, हे काय कांडतं?”

“शब्द,” मी म्हटलं.

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, बोर्डाशी गेला, टेस्टरने एक स्क्रू पिळला, जुनी एमसीबी काढून खिशातली दुसरी बसवली आणि म्हणाला, “लोडबिड काही नाही. स्क्रू ढिला होता, एमसीबी म्हातारी झाली होती. लावा.” मी बटण दाबलं. दिवे राहिले. पंखे फिरले. लाल शेऱ्याखाली नथ्थूने लिहिलं, ‘कांडप आढळले नाही,’ आणि चहा पिऊन गेला. लताबाई आत गेल्या.

त्या दुपारी साक्षीने सांगितलं तसं मॉडेल उतरवून घेतलं. ते आत येताना जावयाच्या तारेतून आलं. सारिका म्हणाली, आत येऊ दे, बाहेर काही जायला नको. उतरवून झाल्याबरोबर तिने इंटरनेटची तार उपटली, वेटोळं केलं आणि गोदरेजच्या कपाटात दागिन्यांच्या खाली ठेवून किल्ली कमरेला लावली. साक्षी म्हणाली, सिक्युरिटी ह्याहून जास्त तिच्या कंपनीतही नाही.

मी पहिला प्रश्न टाकला: ‘तू चालतोस का?’ उत्तर यायला लागलं. “होय, मी आपली मदत कर”, आणि पडदा काळा झाला.

माझी खोली गच्चीखाली आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, आत किती होतं ते विचारू नका. कार्डाला हात लावला तर चटका बसला. ते तापून आपणहून बंद पडत होतं. नाना म्हणाले, “पाण्याशिवाय इंजिन चालतं का कधी? कूलरसमोर ठेवा.” आमच्या घरात कूलर एकच, वाळ्याचा, आणि तो अक्कांच्या खाटेसमोर. तेव्हा टेबल, पेटी, पडदा, वायरी असं सगळं लटांबर आम्ही अक्कांच्या खोलीत आणलं. सारिकाने बजावलं, समोर नको, बाजूला ठेवा, कार्डावर पाणी उडेल. म्हणून अर्धा वारा कार्डाला, अर्धा अक्कांना अशी वाटणी केली.

अक्का उठून बसल्या. “हाई काय आनं रे?”

“यंत्र आहे अक्का. मसाला सांगतं.”

“मन्हा वारा खाई रायनं ते,” अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

ह्या वेळी ते बंद पडलं नाही. मी शेहेचाळीस पानं टाकली, खाली लिहिलं, ‘ह्यातून काळ्या मसाल्याची कृती क्रमाने लिही’ आणि आम्ही वाट बघत बसलो. सारिकाने वही घेतली होती. नाना दारात होते. गोडाऊनचा आकडा सातावर गेला आणि तिथे ठरला. पंखे घुमायला लागले. मग एकेक शब्द पडद्यावर यायला लागला आणि आला तसा मी मोठ्याने वाचायला लागलो. 

“साहित्य. धने, एक किलो. सुकं खोबरं, अर्धा किलो. ताजी साय, दोन वाट्या.”

सारिकाचं पेन थांबलं.

“मध, एक चमचा. बैल, दोन. कोकिळा, एक, बारीक चिरून.”

नाना खोकत खोकत बाहेर गेले. मी बघितलं तर ते ओट्यावर बसून पोट धरून हसत होते. सारिकाने वही मिटली. तिचा तो चेहरा मला मागच्या आखाजीपासून ओळखीचा होता. सोळा दिवस, धुळ्याची एसटी, कापलेला पत्रा, लाल शेरा, हे सगळं करून मी तिच्या हातात चिरलेली कोकिळा ठेवली होती. मला माझीच लाज वाटली. पण यंत्र थांबेना आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने मीही वाचायचा थांबेना. आलेला माल पूर्ण उतरवून घ्यावाच लागतो.

“कृती. प्रथम खोबरं भाजून घ्या.”

“पहिले खोबरं?”

खाटेवरून आवाज आला होता. अक्कांनी कूस बदलली होती.

“पहिले खोबरं भाजं तं तेल सुटी जाई, आन् धना बठ्ठा वल्ला व्हई. कोन शे हाऊ? याले कोन्ही शिकाडं? पहिले धना. मंद आचवर. धना फुटाले लागना का उतारी लेवाना. मंग जिरं. खोबरं आखरीले.”

मी सारिकाकडे पाहिलं. सारिकाने वही उघडली होती.

“दगडफूल, एक वाटी,” मी जरा मोठ्याने वाचलं.

“वाटी? वाटीभर दगडफूल खाई तं मानूस झोपी जाई!” अक्का उठून बसल्या. “चिमटीभर. तीन बोटंनी चिमटी, दोननी नही. आन् ते तेलमा फुलाडानं, कोरडं नही.”

“मिरच्या तेलात तळून घ्या,” मी वाचलं. मला आता रंग चढला होता.

“तळस? मिरची? बह्याड शे का रे हाऊ? मिरचीले नुसता तेलना हात लावाना!” अक्कांनी थरथरता हात हवेत फिरवून तो कसा लावायचा ते दाखवलं. सारिका लिहीत होती. पानं उलटत होती. यंत्र जे जे चुकीचं सांगत होतं ते ते अक्का उचलून फेकत होत्या आणि त्या जागी बरोबर ते ठेवत होत्या. वजनं, आच, क्रम, किती वेळ, कशावर झाकण आणि कशावर नाही. वर्षभर अकरा तास विचारून जे निघालं नाही ते पाऊण तासात निघत होतं. साय आणि मध पुन्हा वाचून दाखवल्यावर तर त्यांनी यंत्राच्या आईचा उद्धार केला.

सारिकाने लिहिलेलं सगळं ताडून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “अहो, हे सगळं मी मागच्या वर्षी असंच केलं होतं. थोडं इकडे-तिकडे. मग फरक कुठे पडला?”

तेवढ्यात यंत्राने शेवटची ओळ टाकली. मी ती वाचली, कारण वाचायची राहिली होती म्हणून. “शेवटी कढईत उरलेले तेल कागदाने पुसून टाका.”

 अक्का खाटेवरून पाय खाली सोडून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना तो दिसत नव्हता, पण त्याच्याकडेच बघत होत्या.

“कागदवरी? मसालानी कढई कागदवरी पुसस? त्यानी माय नही का घरमा? बाजरी टाकानी मूठभर! कढई तपेल शे तवयच. काळी व्हवालगून परतानी. बठ्ठं तेल, बठ्ठा वास ती पी लेस. कढई आरसा व्हई जास.”

सारिका उभी राहिली. “आणि अक्का, ती बाजरी? तिचं काय करायचं?”

“फेकतस का? अन्न शे ते. मसालामाच कांडानी.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाही हो.”

“तू मसाला इचारं. कढई पुसानं कधी इचारं?”

सारिका माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. ती म्हणाली, “दरवर्षी भाजणं संपत आलं, की अक्का मला कांडपावर नंबर लावायला पाठवायच्या. मी परत येईपर्यंत कढई लख्ख झालेली असायची. बावीस वर्षं मी नंबर लावत होते!”

त्या संध्याकाळी माळ्यावरून कढई खाली आली. दुसऱ्या दिवशी भाजणं झालं, आणि कांडपाचा नंबर लावायला मी गेलो. सारिका कढईपाशी थांबली. मूठभर बाजरी टाकली, ती आधी तपकिरी झाली, मग काळी झाली आणि तिच्यातून असा काही वास सुटला, की नाना पाना न घेता आले. मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे लताबाईंचा नंबर होता. त्यांनी विचारलं, “यंदा तुमचं ते यंत्र काय म्हणतं?” मी म्हटलं, चालतं. ह्याहून जास्त माहिती मी दिली नाही.

आखाजीला तिघी बहिणी आल्या. आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. जेवणं आटोपल्यावर सारिकाने बरण्या ओळीने मांडल्या आणि स्वतः दाराशी पदर घट्ट धरून उभी राहिली. कोकिळाताईने झाकण काढलं. बोट घातलं. जिभेला लावलं.  तिने पुन्हा बोट घातलं. मग ती उठली, सारिकाजवळ गेली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “वहिनी, अक्कानी कवय कया? त्यास्ना हात तं थरथरतस.”

सारिका म्हणाली, “मी केला.”

ताईने दोन बरण्या नेल्या. मी तपासणीच्या वहीत ‘कार्ड चालते’ असं लिहिलं, तारीख टाकली आणि कित्येक महिन्यांनी सही केली. सारिकाने ती वही पाहिली, सहीखाली स्वतःची सही केली आणि जाता जाता म्हणाली, “धुळ्याला बट्ट्यांवर तूप किती घेतलंत ते कोकिळाताईंनी सांगितलं. त्याही होत्या त्या लग्नाला.” विजयाच्या दिवशी माणसाने एवढं सोसावं.

दुसऱ्या दिवशी बहिणी गेल्या, घर शांत झालं. मला वाटलं, आता अक्कांना त्यांचा वारा परत द्यावा. मी पेटीच्या वायरी काढायला वाकलो.

“ऱ्हाऊ दे ते,” अक्का म्हणाल्या. त्यांनी खाट थोडी सरकवून यंत्राकडे केली होती आणि आपला अर्धा वारा कार्डाकडे वळवला होता. “लाव. आज त्याले पुरनना मांडा कसा करतस ते इचार.” मग पदर सावरून, डोळे मिटून, त्या ऐकायला बसल्या. “देखू बरं, काय काय चुकस.”